हनन्याचे शेत आणि गावाचा तलाव

प्रेषितांच्या कृत्यांचा चौथा अध्याय आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत वर्षातून एकदा तरी वाचला जातो. यरुशलेमातील पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आपापली शेते व घरे विकून तो पैसा प्रेषितांच्या स्वाधीन केला आणि त्यातून गरजवंतांची गरज भागविली गेली, हा त्यातील वृत्तांत सर्वांस ठाऊक आहे. साकोलीकडील एका खेड्यात आमच्या एका कॅटेकिस्ट बंधूंनी हा भाग वाचून थोडेसे विवेचन केले. प्रार्थना झाली आणि लोक उठू लागले. तेव्हा विड्या वळून आपला संसार चालविणाऱ्या एका वृद्ध भगिनीने त्यांस विचारले, "मास्तर, त्या मंडळीत विडीचा ठेकेदारबी होता का जी?" लोक हसले. बंधूंस मात्र हसू आले नाही. त्यांनी आम्हांस पत्र लिहून विचारले आहे की, समाजवाद म्हणतात तो हाच काय; आणि हाच असेल, तर प्रभूच्या सेवकाने तो शब्द तोंडी घ्यावा की घेऊ नये?

हा शब्द उच्चारताच आमच्यांतील पुष्कळ वडील मंडळींस रशिया आठवतो. बंद केलेली प्रार्थनामंदिरे व बंदीत टाकलेले पाळक आठवतात. ही आठवण खोटी नव्हे, आणि तिजविषयी पुढे बोलावयाचे आहे. परंतु 1917 साली रशियात जे घडले तेथून या विचाराचा जन्म मोजणे म्हणजे वैनगंगेचा उगम भंडाऱ्याच्या पुलाखाली शोधण्यासारखे आहे. 'समाजवादी' या अर्थाचा इंग्रजी शब्द लंडन येथील एका सहकारविषयक मासिकात 1827 साली छापलेला आढळतो. विचार तर शब्दाहून फार जुना. अहाब राजास नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. तो फुकट मागत नव्हता. मोबदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत द्यावयास तो तयार होता. आजच्या बाजाराच्या नियमाने पाहता त्याचे मागणे अगदी सभ्य होते. तरीही नाबोथाने नकार दिला, कारण ती वाडवडिलांची वतनभूमी होती, आणि इस्राएलांत वतनभूमी ही विकावयाची वस्तू नव्हती. जमीन देवाची, आणि माणसे तिजवर राहावयास आलेली कुळे, अशा समजुतीवरच योबेल वर्षाचा सारा नियम उभारला आहे. जमीन, पाणी व मनुष्याचे श्रम ही इतर मालाप्रमाणे विकत घेता येतात काय, हा जो समाजवादाचा मूळ प्रश्न, तो कारखाने निघण्यापूर्वी अडीच हजार वर्षे शास्त्रात विचारून ठेवलेला आहे.

सुधारणेच्या इतिहासातील एक पान आम्ही प्रॉटेस्टंट म्हणविणारे घाईने उलटतो. 1525 साली दक्षिण जर्मनीतील शेतकऱ्यांनी मेमिंगन या गावी आपली बारा मागणी-कलमे लिहून काढली, आणि प्रत्येक मागणीस शास्त्रातील आधार दिला. ख्रिस्ताने आपल्या रक्ताने सर्वांस सोडविले आहे, तर आम्ही जमीनदाराची मालमत्ता कसे, असे त्यांचे विचारणे होते. नदीतील मासे, रानातील जळाऊ लाकूड व गावाची सामाईक कुरणे मोकळी व्हावीत, ही त्यांतील मागणी वाचताना आम्हांस तर आमच्याच गावच्या निस्तारपत्रकाची आठवण झाली. आमचे म्हणणे शास्त्राविरुद्ध आहे असे दाखवून दिल्यास आम्ही ते मागे घेऊ, असेही त्यांनी लिहिले. कोणी दाखवून दिले नाही. तरवारीने उत्तर मिळाले. शेतकऱ्यांच्या हातूनही अत्याचार झाले हे खरे, परंतु त्यांना निर्दयपणे मोडून काढावे असे सरदारांस लिहिणारा पुरुष मार्टिन लूथर होता. ज्याच्यापासून आम्ही कृपेचा धडा शिकलो, त्याच्याच लेखणीतून हे निघाले. त्यावर पांघरूण घालणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आता स्कॉटलंडकडे वळू, कारण आमच्या मंडळ्यांस त्या देशाचे विशेष ऋण आहे. स्टीव्हन हिस्लॉप साहेब त्या देशाहून आले आणि 1845 साली नागपूर येथे त्यांनी मिशनचे काम आरंभिले; भंडाऱ्याचे कामही पुढे त्याच स्कॉटिश मंडळीने चालविले. जो देश आम्हांस सुवार्ता पाठवीत होता, त्याच्या स्वतःच्या खाणींत त्या सुमारास काय चालले होते? अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत तेथील कोळसा खणणारे लोक कायद्याने खाणीस बांधलेले होते. खाण विकली म्हणजे तिजबरोबर तेही नव्या धन्याकडे जात. 1775 व 1799 च्या कायद्यांनी ते सुटले. त्यानंतरही स्त्रिया व लहान मुली पाठीवर कोळशाचे ओझे घेऊन जमिनीखालून शिड्या चढत असत; 1842 च्या कायद्याने त्यांचे खाणीत उतरणे बंद झाले. त्याच देशात न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन याने 1800 सालापासून आपल्या सूतगिरणीत दहा वर्षांखालील मुलांस कामावर घेणे बंद करून त्यांच्यासाठी शाळा चालविण्यास आरंभ केला, आणि एवढे करूनही गिरणीस नफा होतो हे दाखविले. ओवेन आमच्या धर्माचा टीकाकार होता. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण नीतीचे प्रत्येक चांगले काम मंडळीच्याच हातून झाले असा अभिमान आपल्यांत फार आहे.

1848 साली मार्क्स व एंगल्स यांचा जाहीरनामा निघाला. त्याच वर्षी इंग्लंडात फ्रेडरिक मॉरिस व चार्ल्स किंग्जली या दोघा पाळकांनी आणि त्यांच्या मित्रांनी पुढे ख्रिस्ती समाजवाद म्हणून ओळखल्या गेलेल्या चळवळीस आरंभ केला. म्हणजे समाजवादाच्या दोन शाखा एकाच सालच्या. पुढे स्कॉटलंडातील कीर हार्डी, जो लहानपणीच खाणीत कामास लागला व तरुणपणी प्रभूकडे वळून उपदेश करू लागला, तो 1892 साली मजुरांचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात गेला. 1907 साली तो हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याची समाजवादाची शिकवण मार्क्सच्या ग्रंथापेक्षा डोंगरावरील प्रवचनावर अधिक आधारलेली होती.

आपल्या महाराष्ट्राची गोष्टही निराळी नाही. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले ख्रिस्ती झाले नाहीत. परंतु शेतकऱ्याच्या कष्टाचे फळ दुसऱ्याच्या घरी कसे जाते, हे त्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात मांडले. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी-कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची खटपट केली आणि 1890 साली रविवारची सुटी मिळविली. प्रभूच्या दिवसाच्या पावित्र्यावर आम्ही उपदेश केले; तो दिवस मजुरास विसाव्यासाठी मिळवून दिला तो एका सत्यशोधकाने!

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा मतदारसंघातून दोन सभासद लोकसभेत जावयाचे होते. एक जागा सर्वांस मोकळी व दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. त्या निवडणुकीचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1954 साली ती रद्द ठरली. कारणे दोन, व दोन्ही आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी. मोकळ्या जागेवरील विजयी गृहस्थ विडीच्या एका पेढीचे भागीदार होते, आणि त्या पेढीचा सरकारास विड्या पुरविण्याचा करार होता. असा करार असणारास कायद्याने उमेदवार होता येत नव्हते. दुसरे कारण आम्हांस अधिक जवळचे आहे. महानुभाव पंथात गेलेल्या एका महार गृहस्थाचा राखीव जागेसाठीचा अर्ज नाकारला गेला होता. पंथ बदलला तरी तो महारच राहिला व अर्ज नाकारणे चुकीचे होते, असा न्यायालयाने निवाडा दिला. ख्रिस्ती झालेल्या दलित बंधूंस मात्र 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींत जागा नाही. आदेश पुढे शिखांसाठी 1956 साली व बौद्धांसाठी 1990 साली सैल झाला, आमच्यासाठी नाही. गावात विहिरीवर आम्हांस आमची जुनी जात विचारली जाते, आणि कचेरीत तीच जात नाकारली जाते.

तेव्हा पोटनिवडणूक झाली. मोकळ्या जागेसाठी उभे राहिले अशोक मेहता. 1934 साली स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. राखीव जागेसाठी उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मतदाराच्या हाती दोन मते होती. निकाल असा लागला की, मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले. निवडणुकीत अनेक कारणे एकत्र मिसळलेली असतात. एकाच कारणाने हा निकाल समजावून देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तथापि बाबासाहेबांनी संविधान सभेत 1949 सालीच सांगितले होते की, राजकारणात आपण समान होऊ पण समाजात व अर्थव्यवहारात असमान राहू, आणि ही विसंगती फार काळ टिकणार नाही. आमच्या मते समाजवादी विचाराने भारतात फार उशिरा ओळखलेली गोष्ट हीच. माणूस रुपयाच्या वाटणीत न्यायी असूनही पाण्याच्या घागरीपाशी अन्यायी असू शकतो. मार्क्सच्या देशात घागरीचा प्रश्न नव्हता. म्हणून त्याच्या ग्रंथात त्याचे उत्तरही सापडत नाही. आमच्या मंडळ्यांत सापडते काय? एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे आम्ही. मुलीचे लग्न ठरविताना पूर्वीची जात विचारणारी घरे आमच्यांत किती आहेत, हे कॅटेकिस्ट बंधूंस आम्ही सांगावयास नको.

तलावांची गोष्ट याहून अवघड आहे, आणि तिजपाशी आम्हांस थोडे थांबले पाहिजे. या मुलखात शेकडो वर्षांपूर्वी, गोंड राजांच्या अमदानीत, कोहळी लोकांनी तलाव बांधले. आजचा गोंदिया जिल्हा धरून (तो 1999 साली वेगळा झाला) जुन्या भंडाऱ्यात ते जागोजाग आहेत. धानाच्या बांध्या त्यांवरच जगल्या. इंग्रजी अमलात मालगुजार जमिनीचे धनी ठरले व तलावही त्यांच्या नावे गेले. गावास निस्ताराचे हक्क उरले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी नष्ट केली, तलाव सरकारचे झाले. हे न्यायाचे काम होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु पुढे काय झाले? ज्यांस सरकार आजही 'माजी मालगुजारी तलाव' म्हणते, त्यांतील कित्येक गाळाने भरले, कित्येकांच्या पोटात बेशरमाची झुडपे माजली, कडेची जमीन ज्याच्या अंगी बळ त्याने नांगरली. मालगुजार गेला व त्याच्या जागी कचेरी आली. गाव धनी झाले नाही. पाळ फुटली म्हणजे पूर्वी मालगुजाराच्या वाड्याकडे पाहत, आता तालुक्याकडे पाहतात.

मालगुजाराच्या काळी पाळ कशी शाबूत असे, हे म्हातारे लोक कौतुकाने सांगतात. त्या पाळीवर वेठीने माती कोणी टाकली, हे ते सांगत नाहीत. म्हणून 'जुने तेच बरे' हे उत्तर आम्हांस मान्य नाही. पण सातबाऱ्यावर सरकारचे नाव चढले म्हणजे वस्तू सर्वांची झाली, ही समजूतही आमच्या जिल्ह्यातच खोटी ठरली आहे. मालकी ही एक गोष्ट व राखण ही दुसरी. जेथे ढीवर बंधूंच्या मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेऊन स्वतः सांभाळतात, तेथे या दोहोंची थोडीशी गाठ पडते. इंग्लंडात रॉचडेल येथे 1844 साली अठ्ठावीस गरीब माणसांनी दुकान काढून जो सहकाराचा मार्ग घालून दिला, त्याचीच ही एक दूरची शाखा होय. त्या संस्थांतही भांडणे आहेत, पुढाऱ्यांची लबाडी आहे. असो, ती मंडळीच्या पंचांतही आहे.

या तलावाच्या काठावरून हनन्याकडे पाहिले म्हणजे त्याची गोष्ट अधिक उलगडते. हनन्याने आपले शेत विकले, थोडा पैसा मागे ठेवला आणि सर्व दिला असे भासविले. त्या वेळी पेत्राने त्यास जे बजावले त्याचा आशय असा की, शेत तुझे होते, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. कोणी तुजवर सक्ती केली नव्हती. अपराध पैसा ठेवण्याचा नव्हता, सोंगाचा होता. यरुशलेमातील त्या सामाईकपणास शिपाई नव्हता. रशियात 1929 पासून शेतकऱ्यांच्या जमिनी जबरीने एकत्र केल्या गेल्या, आणि 1932-33 च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नाविना मेली. पेत्राने जे हनन्याच्या हाती राहू दिले होते ते त्या राज्याने बंदुकीने हिसकावून घेतले. ते राज्यही 1991 साली मोडले. रशियाच्या विचारापासून आम्ही दूर राहतो ते या कारणामुळे. तेथे गरिबांची बाजू घेतली गेली म्हणून नव्हे.

परंतु येथे एक चोरवाट आहे, आणि आमच्यांतील सुस्थितीत असलेले बंधू तिने फार जातात. ते म्हणतात, "पाहा, पेत्राने सक्ती केली नाही, दान स्वखुशीचे असते, म्हणून मजुरांनी संघटना करणे, दर मागणे, कायद्याकडे धावणे हे ख्रिस्ती वृत्तीस शोभत नाही." या म्हणण्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची भेसळ आहे. हनन्याचे शेत हनन्याचे होते. ते देणे दान होते. मजुराची मजुरी धन्याची नव्हेच. ती देणे ऋण फेडणे आहे. मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराची रोजी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे, आणि याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीची हाक देवापर्यंत पोहोचल्याचे सांगितले आहे. तेथे स्वखुशीचा प्रश्नच नाही. विड्या मोजून घेताना ज्या 'खराब' म्हणून बाजूस काढतात, त्यांचा दाम बाईस मिळत नाही, आणि त्या विड्या पुष्कळदा तिला परतही मिळत नाहीत, ही जुनी तक्रार आहे. ती दूर करण्यासाठी व इतर संरक्षणासाठी 1966 साली विडी-कामगारांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तो कायदा व्हावा म्हणून ज्यांनी मोर्चे काढले त्यांत लाल झेंड्याचे लोक पुष्कळ होते. विडीमुळे शरीराचा नाश होतो, हे आम्ही व्यासपीठावरून सांगतो ते योग्यच. पण जिच्या बोटांतून ती वळली जाते तिच्या मजुरीविषयी आम्ही बोललो नाही, म्हणून तिने दुसऱ्यांचे ऐकले.

संविधानाच्या उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द 1976 साली घातला गेला. तो तेथे असावा की नसावा याविषयी वाद झाले आणि 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. तो शब्द तेथे राहिला याचे आम्हांस समाधान आहे. परंतु रोवणीच्या दिवशी बांधीत उतरणाऱ्या बाईस उद्देशिका वाचून दाखविली तर ती काय म्हणेल, याची आम्हांस धास्ती वाटते. पुरुषास व स्त्रीस सारख्या कामाची सारखी मजुरी देण्याचा कायदा त्याच 1976 साली झाला. रोवणीचे काम बहुतेक स्त्रियाच करतात. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावतात. आणि धुऱ्यावर माती टाकणाऱ्या गड्यास त्यांच्याहून अधिक रोजी मिळते. हे आम्ही दुसऱ्या धर्माच्या शेतकऱ्याविषयी लिहीत नाही. आमचे वाडवडील भूमिहीन होते. शिक्षणाने, नोकरीने, काटकसरीने आमच्यांतील काही घरांस दोन-चार एकर जमीन झाली, यास देवाची कृपा म्हणावे. त्या दोन-चार एकरांवर आज कोण वाकते आहे व तिला संध्याकाळी काय मिळते, हा हिशेब आमच्या घरातला आहे. आम्हीही एके काळी एका हंगामाची मजुरी 'धान विकल्यावर देऊ' म्हणून महिनाभर लांबविली होती, आणि मध्यंतरी देणगीच्या पुस्तकात आपले नाव चांगल्या रकमेपुढे लिहिले होते. हनन्याविषयी लिहिताना ती रक्कम आम्हांस आठवते.

त्या कॅटेकिस्ट बंधूंच्या प्रश्नास आमचे उत्तर असे की, शब्द तोंडी घेण्यास हरकत नाही. मात्र तो घेण्यापूर्वी आपल्या मंडळीत मजुरी देणारे कोण व घेणारे कोण, याची यादी करावी. आमचे हे पत्र त्यांस पोहोचले, आणि त्यांनी ते पंचांच्या सभेत वाचले. त्यांचे दुसरे पत्र गेल्या आठवड्यात आले. सभेत एका वडील पंचांनी, जे स्वतः सहा एकर धान करतात, सर्व शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, "मास्तर, बोलणे शास्त्राचे आहे, नाही म्हणत नाही. पण यंदाचा दर साऱ्या गावाने ठरवून टाकला आहे. मी एकट्याने बायांना जास्त दिले, तर उद्या गाव माझ्या बांधीत पाणी येऊ देईल काय?" ती वृद्ध भगिनी दाराशी बसली होती. ती म्हणाली, "तलाव तर सरकारचा आहे ना जी?" त्यावर कोणी काही बोलले नाही. पऱ्हे हातभर झाले आहेत, असे बंधूंनी पत्राच्या शेवटी लिहिले आहे; पाऊस चांगला झाला तर पुढील सोमवारी त्या पंचांच्या बांधीत रोवणी लागेल.